जिओटॅगिंग

जिओटॅगिंग म्हणजे छायाचित्राला ते जिथे टिपले ती जागा जोडून ठेवणे. फोटो कधी काढला हे डिजिटल कॅमेरे जवळजवळ सुरुवातीपासून लिहून ठेवत आले. कुठे काढला हे लिहिण्याची सवय मात्र उशिरा रुळली, आणि ती रुळवली हौशी मंडळींनी. अक्षांश, रेखांश, जमल्यास उंची आणि कॅमेऱ्याच्या तोंडाची दिशा एवढे आकडे फोटोसोबत असले, की तो कोणत्याही ऑनलाइन नकाशावर आपल्या जागी जाऊन बसतो. मराठीत याला स्थानांकन म्हणता येते, पण बोलण्यात जिओटॅगिंग हाच शब्द चालतो.

आकडे कुठे राहतात

जेपेग फाइलीत प्रत्यक्ष चित्राच्या आधी माहितीचा एक छोटा भाग असतो. त्याची रचना एक्झिफ या मानकाने ठरते. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने हे मानक १९९५ मध्ये तयार केले. त्यात शटरचा वेग, लेन्स आणि तारीख यांच्यासोबत जीपीएससाठी वेगळा कप्पा आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या फोटोत अक्षांश २७.९८८ असा सरळ लिहिलेला सापडणार नाही. तो २७ अंश, ५९ मिनिटे, १७ सेकंद असा तीन अपूर्णांकांत असतो, आणि उत्तर की दक्षिण हे सांगणारे अक्षर शेजारच्या वेगळ्या रकान्यात.

हे वेगळे अक्षर लक्षात ठेवण्यासारखे आहे. आज्ञावली लिहिताना ते वाचायचे राहिले, की पश्चिम रेखांश पूर्व होतो आणि दक्षिण अक्षांश उत्तर. माचू पिचूचे अवशेष सुमारे १३.१६ अंश दक्षिण आणि ७२.५५ अंश पश्चिम इथे आहेत. दोन्ही अक्षरे गळली, तर पेरूच्या डोंगरातला फोटो थेट अरबी समुद्रात पडतो. दुसरी नेहमीची गफलत क्रमाची. माणसे अक्षांश आधी सांगतात, पण नकाशाची माहिती साठवण्याच्या जिओजेसनसारख्या स्वरूपांत रेखांश आधी लिहितात. एव्हरेस्टचे आकडे असे उलटे झाले तर अक्षांश होतो ८६.९, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळचा आर्क्टिक महासागर. तोही बहुतेक ऑनलाइन नकाशांवर दिसत नाही, कारण ते ज्या वेब मर्केटर प्रक्षेपावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडण्याच्या पद्धतीवर, काढलेले असतात तो ८५.०५ अंशांपाशीच संपतो. फोटो नकाशावरून नाहीसा झाला की आधी हा क्रम तपासावा.

जागा मिळालीच नाही आणि रकान्यांत शून्ये भरली गेली, तर फोटो गिनीच्या आखातात विषुववृत्त आणि मूळ रेखावृत्त जिथे छेदतात तिथे जातो. नकाशावाले या बिंदूला नल आयलंड म्हणतात. तिथे बेट नाही, हवामानाच्या नोंदी घेणारा एक तरंगता बोया अनेक वर्षे होता. मात्र नकाशासेवांच्या हिशेबात जगभरचे बेपत्ता फोटो तिथेच गोळा होतात.

हौशी काळ

अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली, आणि सामान्य माणसाच्या हातातले यंत्र एकाएकी कितीतरी पटींनी नेमके झाले. त्याच महिन्यात जिओकॅशिंगचा, म्हणजे दडवलेल्या डब्या जीपीएसने हुडकण्याचा खेळ सुरू झाला. त्याही आधी, १९९६ पासून, डिग्री कॉन्फ्लुअन्स नावाच्या प्रकल्पात लोक पूर्ण अंशाचे अक्षांश आणि पूर्ण अंशाचे रेखांश जिथे छेदतात तिथे चालत जाऊन फोटो काढत होते. शेतात, वाळवंटात, दलदलीत, जिथे तो बिंदू येईल तिथे. जागेचा आकडा आधी ठरलेला आणि फोटो त्यामागून, असा हा उलटा मार्ग होता. आकड्याच्या टोकाला खरी जमीन असते, ही जाणीव त्यातून अनेकांना झाली.

मोठा बदल २००४ ते २००६ या अडीच-तीन वर्षांत झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये फ्लिकर हे फोटो मांडण्याचे संकेतस्थळ आले आणि ऑगस्टमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी लोकांनीच भरायचा ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा सुरू केला. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स लोकांसमोर आले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गूगल अर्थ. नकाशा एकदम न उतरवता २५६ बाय २५६ बिंदूंच्या चौकोनी तुकड्यांत उतरवायचा, ही युक्ती इथे सर्वत्र पसरली. झूमच्या शून्य पातळीवर सारे जग एका तुकड्यात मावते आणि पुढे दर पातळीला तुकडे चौपट होतात. अठराव्या पातळीवर ते सुमारे ६,८७२ कोटी होतात, पण पाहणाऱ्याला त्यातले पडद्यापुरते मूठभरच लागतात. नकाशा बोटाने ओढता येऊ लागला तेव्हा त्यावर आपलेही काही लावावे असे वाटणे साहजिक होते.

फ्लिकरवर तेव्हा जागेसाठी रकाना नव्हता. वापरकर्त्यांनी तो स्वतः घडवला. फोटोच्या खुणाशब्दांत (टॅगमध्ये) ‘जिओटॅग्ड’ लिहायचे, आणि पुढे ‘जिओ:लॅट’ व ‘जिओ:लॉन’ असे दोन शब्द घालून बरोबरीच्या चिन्हापुढे आकडे ठेवायचे. हा संकेत कुठल्या समितीने ठरवलेला नव्हता. डॅन कॅट यांनी २००५ मध्ये असे फोटो हुडकून नकाशावर मांडणारे जिओब्लॉगर्स हे संकेतस्थळ उभे केले, तेव्हा या शब्दांचा खरा उपयोग दिसला. ऑगस्ट २००६ मध्ये फ्लिकरने स्वतःच फोटो नकाशावर ओढून टाकण्याची सोय दिली, आणि पहिल्या चोवीस तासांत दहा लाखांहून अधिक फोटोंना जागा मिळाली. एवढे लोक जणू त्या दिवसाची वाटच पाहत होते.

पॅनोरामियोची गोष्ट याहून जिव्हाळ्याची आहे. होआकीन क्वेंका आणि एदुआर्दो मांचोन यांनी २००५ मध्ये स्पेनमध्ये ही सेवा सुरू केली आणि २००७ मध्ये गूगलने ती घेतली. इथे व्यक्तींना नव्हे, जागांना महत्त्व होते. वाढदिवसाचा फोटो कितीही सुंदर असला तरी त्याला इथे जागा नव्हती. गावाबाहेरचा पूल, घाटाचे वळण, पडका बुरूज यांना होती. निवडलेले फोटो गूगल अर्थवर झळकत. ज्या कोपऱ्यात कुणी व्यावसायिक छायाचित्रकार कधी फिरकणार नाही, तिथलाही एखादा फोटो जगाच्या नकाशावर दिसे, आणि तो तिथे राहणाऱ्याने किंवा वाट वाकडी करून गेलेल्याने काढलेला असे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २००५ मध्येच सुरू झालेल्या जिओग्राफ प्रकल्पाने प्रत्येक चौरस किलोमीटरचा एक तरी प्रातिनिधिक फोटो मिळवायचे ठरवले. तो प्रकल्प आजही चालू आहे.

घड्याळाचा मेळ

फोनमध्ये जीपीएस येण्याआधी, आणि चांगला कॅमेरा वापरणाऱ्यांना आजही, जागा जोडण्यासाठी घड्याळाचा आधार घ्यावा लागतो. खिशातले जीपीएस यंत्र किंवा फोन वाटभर दर काही सेकंदांनी आपली जागा आणि वेळ नोंदवत राहतो. ही नोंद बहुधा जीपीएक्स फाइलीत असते. कॅमेरा फक्त वेळ नोंदवतो. घरी आल्यावर दोन्ही वेळा जुळवायच्या, म्हणजे त्या क्षणी आपण वाटेवर कुठे होतो ते निघते. फिल हार्वी यांची एक्झिफटूल ही आज्ञावली हे काम एका आज्ञेत हजारो फोटोंसाठी करते.

सगळी मेख घड्याळात आहे. कॅमेऱ्याचे घड्याळ हळूहळू पुढेमागे होत राहते, आणि जीपीएक्समधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यावर जुना आणि अगदी भरवशाचा उपाय असा: निघण्यापूर्वी जीपीएस यंत्राच्या पडद्यावरच्या घड्याळाचाच फोटो काढायचा. त्या फोटोत पडद्यावर १० वाजून १४ मिनिटे ३२ सेकंद दिसत असतील आणि कॅमेऱ्याने त्याच फोटोवर १० वाजून १३ मिनिटे ४५ सेकंद अशी नोंद केली असेल, तर कॅमेरा ४७ सेकंद मागे आहे. ही तफावत आज्ञेत दिली की सगळे फोटो सरकून जागेवर येतात. ४७ सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. चालणारा माणूस तेवढ्यात साठ-पासष्ट मीटर जातो, म्हणजे फोटो शेजारच्या गल्लीत पडतो. ताशी साठ किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतून काढलेला फोटो पाऊण किलोमीटरहून अधिक हुकतो. देश ओलांडणाऱ्या प्रवासात तर तफावत तासांची होते. जागतिक वेळेपासूनचे अंतर लिहिण्याचा रकाना एक्झिफमध्ये २०१६ पासून आहे, पण त्याआधीच्या फोटोंत तो नसल्यामुळे कॅमेरा त्या दिवशी कोणत्या देशाच्या वेळेवर होता हे मालकालाच आठवावे लागते.

फोनने हा खटाटोप संपवला, पण सगळा नाही. फोन उपग्रह, मोबाइल टॉवर आणि आसपासची वायफाय केंद्रे यांवरून जागा काढतो. मोकळ्या आकाशाखाली ती साधारण पाच मीटरच्या आत येते. उंच इमारतींच्या मध्ये किंवा खोल दरीत संकेत परावर्तित होऊन येतात आणि चूक वाढते. बोगद्यातून बाहेर येताच घाईने काढलेल्या फोटोवर कित्येकदा बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाची जागा लागते, कारण कॅमेऱ्याला तेव्हा शेवटची माहीत असलेली जागाच मिळते. फाइलीत दशांशानंतर सहा अंक दिसतात म्हणून फसू नये. सहावा अंक अकरा सेंटिमीटरचा फरक दाखवतो, आणि तेवढी नेमकी जागा फोनला ठाऊकच नसते.

कॅमेऱ्याची जागा की दृश्याची

जिओटॅगिंगमधला सर्वांत चांगला वाद हा आहे. वीस किलोमीटर दूर असलेल्या शिखराचा फोटो नकाशावर कुठे लावायचा, शिखरावर की छायाचित्रकार उभा होता तिथे? यंत्र नेहमी स्वतःची जागा लिहिते. हाताने नकाशावर फोटो टाकणारा माणूस मात्र बहुधा जे दिसते आहे त्याच्यावर टाकतो. त्यामुळे दोन प्रकारचे फोटो एकाच नकाशावर मिसळतात आणि शिखराच्या माथ्यावर असे फोटो साचतात, जे माथ्यावर जाऊन कुणी काढलेलेच नसतात. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या कोठाराने कॅमेऱ्याची जागा आणि विषयाची जागा असे दोन वेगळे साचे ठेवले आहेत, आणि तीच रीत योग्य आहे. कॅमेऱ्याची जागा आणि दिशा ठाऊक असली तर समोर काय असावे याचा अंदाज नकाशावरून बांधता येतो. फक्त विषयाची जागा हाती असली तर कॅमेरा कुठे होता हे सहसा निघत नाही.

कॅमेऱ्याच्या जागेला महत्त्व देणाऱ्यांनी पुढे मोठे काम केले. नोआ स्नेव्हली, स्टीव्ह साइट्झ आणि रिचर्ड झेलिस्की यांनी २००६ मध्ये, एकाच वास्तूचे अनेक अनोळखी लोकांनी काढलेले फोटो घेऊन प्रत्येक फोटो कुठून काढला आणि वास्तूचा त्रिमितीय आकार कसा आहे, हे दोन्ही एकदम काढून दाखवले. नकाशा बनवणाऱ्या हौशींची गरज साधी असते. ओपनस्ट्रीटमॅपसाठी फिरणारे लोक रस्त्याचे नाव, एकेरी वाहतुकीची पाटी, दवाखान्याचा फलक यांचे भराभर फोटो काढतात आणि घरी नकाशा संपादित करण्याच्या आज्ञावलीत ते आपल्या वाटेवर टाकून एकेक गोष्ट नकाशात भरतात. फोटो इथे वहीतल्या टिपणासारखा असतो. हललेला, वाकडा असला तरी चालतो. २०१३ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या मॅपिलरीने हेच रस्ताभर सलग करण्याची सोय दिली. ती सेवा २०२० मध्ये फेसबुकने घेतली.

खासगीपणा

जी माहिती फोटोला नकाशावर बसवते, तीच घराचा दरवाजाही दाखवते. डिसेंबर २०१२ मध्ये अँटिव्हायरस कंपनीचे संस्थापक जॉन मॅकॅफी बेलीझमधून निघून लपून राहत असताना एका नियतकालिकाने त्यांचा फोटो प्रसिद्ध केला. फोटोतले अक्षांश-रेखांश काढायचे राहिले होते, आणि ते ग्वाटेमालात आहेत हे वाचकांनी फाइल उघडून ओळखले. आज फेसबुकसारख्या मोठ्या समाजमाध्यमांवर टाकलेल्या फोटोतून ही माहिती पुसली जाते. आयओएस १३ पासून फोटो पाठवताना जागा वगळता येते, आणि अँड्रॉइड १० पासून फोटोतली जागा वाचायला अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते. ईमेलने किंवा मूळ फाइल म्हणून पाठवलेल्या फोटोत मात्र सगळे शाबूत असते. घर, शाळा, आणि दुर्मिळ पक्ष्याचे घरटे किंवा फुलाची जागा यांचे आकडे बाहेर जाऊ देऊ नयेत. घरट्यांच्या बाबतीत निसर्गप्रेमी मुद्दाम ठोकळ जागा देतात, हे शिकण्यासारखे आहे.

सेवा बंद पडल्यावर

पॅनोरामियो ४ नोव्हेंबर २०१६ रोजी बंद झाले. वापरकर्त्यांना आपले फोटो उतरवून घ्यायला मुदत मिळाली, पण फोटोखालच्या ‘हा पूल आता पडला’ अशा नोंदी आणि अनोळखी लोकांनी नकाशावर सुधारून दिलेल्या जागा हे सारे त्या सेवेपुरते होते. गूगलची फोटो सांभाळण्याची सेवा पिकासाही त्याच वर्षी थांबली. ऑनलाइन सेवेच्या नकाशावर फोटो ओढून टाकला, की ते आकडे पुष्कळदा सेवेच्या कोठारात राहतात. फोटोच्या फाइलीत जात नाहीत. परत मागवल्यावर फोटो एकीकडे आणि त्याची जागा शेजारच्या वेगळ्या मजकुराच्या फाइलीत, असे हाती येते. म्हणून जागा आधी घरी, फाइलीतच लिहावी आणि मग फोटो चढवावा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, फाइलींना हात लावायचा नसेल तर त्याच नावाची, माहिती लिहिलेली एक्सएमपी फाइल सोबत ठेवावी.

फिल्मवरचे जुने फोटो स्कॅन केल्यावर त्यांत जागा तर नसतेच, तारीखही स्कॅनच्या दिवसाची पडते. अशा वेळी ती तारीख हाताने बदलावी लागते आणि जागा हुडकावी लागते. गूगल अर्थच्या त्रिमितीय दृश्यात डोंगरांची कड जुन्या फोटोतल्या कडेशी जुळेपर्यंत सरकत राहायचे, ही त्यातली एक रीत. दुसरीत जुना फोटो छापून हातात घ्यायचा आणि त्या गावी जायचे. पायऱ्यांचा कोन, खिडकीमागचा उतार, झाड तोडलेले असले तरी त्याचा पार, यांवरून जुना छायाचित्रकार कुठे उभा होता तिथवर पोहोचायचे, तिथून फोनने एक फोटो काढायचा आणि त्यातले आकडे जुन्या फोटोत उतरवायचे.