अनियमित नाडी आणि रक्ताची गुठळी : एक पार्श्वभूमी

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहणे. अशा कप्प्यांत रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत जाऊन अडकली की पक्षाघात होतो. हा विकार असलेल्या रुग्णाच्या बाबतीत आज डॉक्टर ठोके सरळ करण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पक्षाघाताचा धोका किती आहे आणि रक्त पातळ करणारी गोळी लागेल का, याकडे लक्ष देतात. हा अग्रक्रम ठरायला मात्र विसाव्या शतकाचा बहुतेक काळ जावा लागला.

नाडी अनियमित चालते हे वैद्यांना पूर्वापार ठाऊक होते, पण कारण हाती लागत नव्हते. जेम्स मॅकेन्झी या ब्रिटिश डॉक्टरांनी मनगटाची नाडी आणि मानेच्या शिरेतील स्पंदने एकाच वेळी कागदावर उतरवली, तेव्हा अशा रुग्णांत वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाची लाट दिसेनाशी होते, हे त्यांना आढळले. हे कप्पे लुळे पडले असावेत, असा त्यांचा सुरुवातीचा तर्क होता. पुढे डच शास्त्रज्ञ आइंथोव्हेन यांच्या यंत्रामुळे ईसीजी काढता येऊ लागला आणि १९०९ मध्ये लंडनमध्ये थॉमस लुईस यांनी, तसेच व्हिएन्नात रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी, हे कप्पे लुळे नसून कंप पावत असतात, हे दाखवून दिले.

कारण कळल्यावर ठोके ताळ्यावर आणण्याचा ध्यास सुरू होणे स्वाभाविक होते. त्याची सुरुवात एका रुग्णाने करून दिली, हे विशेष. १९१२ मध्ये एका डच व्यापाऱ्याने डॉ. वेंकेबाख यांना आपण क्विनाइन घेऊन ठोके नियमित करतो असे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी नियमित नाडी घेऊन तो हजर झाला. १९१८ मध्ये त्याच कुळातील क्विनिडिन अधिक गुणकारी ठरले, तर १९६२ मध्ये बर्नार्ड लाउन यांनी विजेच्या नियंत्रित झटक्याची पद्धत मांडली. या उत्साहाला पहिला मोठा धक्का शेजारच्या विकारातून बसला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचे जादा ठोके दाबणारी काही औषधे घेणाऱ्यांत मृत्यू उलट वाढले, असे १९८९ मध्ये एका चाचणीत दिसले. ईसीजी सुधारला म्हणजे रुग्ण सुरक्षित झाला, हे समीकरण तिथे मोडले.

गुठळीवरचा उपाय मात्र गोठ्यातून आला. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत, सडलेला स्वीट क्लोव्हर हा चारा खाल्लेली जनावरे रक्तस्राव होऊन दगावू लागली. १९३३ मध्ये एक शेतकरी न गोठणारे रक्त डब्यात भरून विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्याकडे पोहोचला आणि त्या संशोधनातून पुढे वॉरफरिन तयार झाले. ते आधी उंदीर मारण्यासाठी विकले गेले. माणसांवर वापरण्यास परवानगी मिळाली ती १९५४ मध्ये.

औषध असूनही ते नेमके कोणाला द्यावे, हे ठरायला आणखी वेळ लागला. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्यांना गुठळीचा धोका असतो, हे मान्य होते. झडप चांगली असली तरी एट्रियल फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट होते, हे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावातल्या रहिवाशांच्या दीर्घ पाहणीने १९७८ मध्ये दाखवले. १९८९ पासूनच्या चाचण्यांत वॉरफरिनमुळे हे पक्षाघात जवळजवळ दोन तृतीयांशांनी घटल्याचे दिसले. अर्थात, वारंवार रक्त तपासून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) साधारण २ ते ३ मध्ये राखणे, पालेभाज्यांचे प्रमाण सांभाळणे आणि रक्तस्रावाची धास्ती बाळगणे, हे रुग्णाच्या नशिबी आलेच. २०१० पासून आलेल्या नव्या गोळ्यांनी त्यातली तपासणीची कटकट बरीच कमी केली.

दोन्ही धागे एकत्र आले ते २००२ मध्ये. ४,०६० रुग्णांच्या एका चाचणीत, ठोके नियमित ठेवण्याची औषधे आणि केवळ गती आटोक्यात ठेवण्याची औषधे यांची तुलना झाली. पहिल्या गटाचे आयुष्य वाढले नाही. शिवाय दोन्ही गटांत झालेले बहुसंख्य पक्षाघात वॉरफरिन थांबवलेल्या किंवा आयएनआर कमी असलेल्या रुग्णांत आढळले. ठोके सरळ झाले म्हणून गोळी सोडणे महागात पडले होते.

यामुळे ठोके सुधारण्याचे प्रयत्न निरर्थक ठरले असे मात्र नाही. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांतून ही थरथर उगम पावते, हे १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्डो येथील डॉक्टर हायसागेर यांनी दाखवल्यानंतर अब्लेशन, म्हणजे हृदयात नळी घालून या थरथरीचा उगम निकामी करणे, रुळले, आणि निदानानंतर लवकर उपचार केल्यास फायदा होतो, हे २०२० च्या एका चाचणीत दिसले. त्या चाचणीतही बहुतेक रुग्णांची रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. अब्लेशन यशस्वी झाल्यावरही ती पुढे घ्यायची का, हे नियमित झालेल्या नाडीवरून नव्हे, तर वय, रक्तदाब, मधुमेह आणि पूर्वीचा पक्षाघात यांसारख्या गोष्टी पाहून ठरवले जाते.