सर्वसहमती (ग्रामसभेची निर्णयपद्धती)

सभेतले मतभेद हात मोजून न मिटवता, सगळ्यांना चालेल असा मार्ग सापडेपर्यंत बोलत राहायचे आणि तो सापडला नाही तर निर्णयच लांबणीवर टाकायचा, या रीतीला सर्वसहमती म्हणतात. महाराष्ट्रात तिचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा). सुमारे शंभर घरांच्या या गोंड आदिवासी गावाची ग्रामसभा कितीतरी वर्षे याच रीतीने चालत आली आहे. देवाजी तोफा हे गावाचे नेतृत्व करणारे आणि मोहन हिराबाई हिरालाल हे ‘वृक्षमित्र’ संस्थेचे कार्यकर्ते, ही दोन नावे या प्रयोगाशी कायमची जोडली गेली आहेत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणाही इथलीच.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे भरणाऱ्या सभेची घडण निराळी आहे. मतदार यादीतले सगळे ग्रामस्थ तिचे सदस्य असतात, सरपंच अध्यक्षस्थानी बसतो, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) इतिवृत्त लिहितो. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. वाद पेटला की बहुमताचा आधार घेतला जातो. ज्याच्याकडे त्या दिवशी माणसे जास्त, त्याचा ठराव मंजूर. मग विरोधी गट पुढच्या सभेला माणसे गोळा करून येतो, घरकुलाच्या यादीवरून किंवा गावठाणाच्या जागेवरून आरडाओरड होते, आणि काही गावांत पोलीस बंदोबस्ताशिवाय सभा भरत नाही. अशा सभेत बाया मागे बसून राहतात किंवा येतच नाहीत. म्हणूनच नियमित ग्रामसभेच्या आधी स्वतंत्र महिला ग्रामसभा घेण्याची तरतूद कायद्यात करावी लागली.

मेंढ्याने भांडणाचे हे मूळच काढून टाकले. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय होत नाही, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. त्यामुळे माणसे जमवून आणण्यात किंवा आवाज चढवण्यात कुणाचा फायदा उरत नाही. विरोध करणाऱ्याला गप्प बसवून काम भागत नाही. त्याची अडचण नेमकी काय आहे हे समजून घ्यावेच लागते. सर्वसहमती म्हणजे प्रत्येकाचे मत एकच असणे नव्हे. ‘मला हे फारसे पटलेले नाही, पण माझी आडकाठीही नाही,’ असे म्हणणाऱ्यालाही तिच्यात जागा आहे. सभेत पुरुषांइतकाच बायांचा सहभाग असावा, असा गावाचा आग्रह राहिला आहे.

दुसरी सोय मला याहूनही मोलाची वाटते. निर्णय घेणारी ग्रामसभा आणि विषय समजून घेणारा ‘अभ्यास गट’ मेंढ्यात वेगवेगळे ठेवले गेले. अभ्यास गटात बाहेरचे जाणकार येतात, कायदे वाचले जातात, शंका विचारल्या जातात, पण तिथे ठराव होत नाही. ठराव करायचाच नसल्याने कुणाला बाजू घ्यावी लागत नाही, आणि कालचे मत आज बदलले तरी त्यात हार वाटत नाही. निर्णयाची वेळ येते तेव्हा गावाने गावापुरते बसायचे. अनेक सभांमध्ये माहिती घेणे आणि निकाल लावणे एकाच तासात उरकायला बघतात, आणि भांडण नेमके तिथेच सुरू होते.

दारूचा प्रश्न या रीतीची कसोटी ठरला. बायांना दारू बंद हवी होती, पण गोंडांच्या देवकार्याला मोहाची दारू लागते. एका बैठकीत हात वर करून हा विषय संपवला असता तर अर्धे गाव दुखावले असते. चर्चा लांबत गेली आणि शेवटी देवाधर्मापुरती मुभा ठेवून पिण्यावर बंधन आले. पुढे वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि २०१३ मध्ये गाव ग्रामदानी झाले. ग्रामदान म्हणजे जमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवणे, आणि हा माणसाच्या सगळ्यात नाजूक जागेला हात घालणारा प्रश्न. त्याला घाई चालत नाही.

सर्वसहमतीचे नाव घेऊन दडपशाहीही होऊ शकते, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. जातपंचायतीतही ‘सगळ्यांचे एकमत’ असते. मात्र तिथे नकार देणाऱ्याचा हुक्कापाणी बंद होतो, त्याच्या घरच्या लग्नाला आणि मयताला कुणी जात नाही. असे एकमत भीतीचे असते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू असून बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘नाही’ म्हणून घरी गेलेल्या माणसाशी दुसऱ्या दिवशी गाव कसे वागते, यावरून तिथली सहमती खरी की खोटी ते कळते.

जिथे उघड बोलणेच धोक्याचे असते, तिथे गुप्त मतदान बरे. गावातले दारू दुकान बंद करण्यासाठी ‘आडवी बाटली’ची जी निवडणूक होते, तिच्यात हेच तत्त्व आहे. दुकानदार गावातलाच, अनेकदा वजनदार, आणि नवरा त्याचा गिऱ्हाईक. अशा बाईला भर सभेत उभे राहून बोलायला लावणे म्हणजे तिला संकटात लोटणे.

या पद्धतीची मोठी मर्यादा गावाच्या आकाराची. पाच-दहा हजार वस्तीच्या गावात एकेकाचा विरोध समजून घेत बसणे अवघडच. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित झालेल्या भागात, मात्र १९९६ च्या पेसा कायद्याने (अशा क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या कायद्याने) त्यावर वाट काढून ठेवली आहे. आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे कारभार करणारी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह म्हणजे गाव, असे तो मानतो, आणि तंटे सोडवण्याची पारंपरिक रीत जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे असे सांगतो. त्यामुळे मोठ्या पंचायतीतल्या पाड्या-टोल्यांनाही आपली वेगळी ग्रामसभा मागता येते.