रबर जाळून नायट्रोजन मोजताना

मूलद्रव्य-विश्लेषणाचं यंत्र नमुना कशाचा आहे ते सांगतं, असा समज सर्रास आढळतो. ते फक्त कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन किती टक्के आहेत एवढंच सांगतं. हा फरक विसरल्याची किंमत चीनमध्ये २००८ साली तान्ह्या बाळांनी मोजली. दुधातलं प्रथिन तिथे नायट्रोजनवरून ठरवत आणि मेलामाइन या प्लास्टिकसाठीच्या रसायनात वजनाच्या ६६.६ टक्के नायट्रोजन असतो. पाणी घातलेल्या दुधात ते मिसळलं की प्रथिनाचा आकडा पुन्हा जागेवर.

पॉलिमरच्या कारखान्यात मात्र नायट्रोजन कुठून आला ते आधीच ठाऊक असतं. ऑइल सील, ओ-रिंग ज्याच्या करतात ते नायट्राइल रबर घ्या. ते ब्युटाडाइन आणि ॲक्रिलोनायट्राइलपासून बनतं. नायट्रोजन फक्त दुसऱ्यात, २६.४ टक्के. म्हणून रबरातल्या नायट्रोजनच्या टक्क्यांना ३.७९ ने गुणलं की ॲक्रिलोनायट्राइल मिळतं. ते वाढलं की रबर तेलाला चांगलं तोंड देतं, पण थंडीत लवकर ताठरतं. ही मोजणी कच्च्या रबरावरच करायची. तयार मालात थायुरमसारखी प्रवेगकं (रबर लवकर पक्कं व्हावं म्हणून घालायची रसायनं) असतात आणि त्यांच्यातही नायट्रोजन असतो.

दोन मिलिग्रॅम रबर कथिलाच्या पातळ कुपीत घालून कुपी घट्ट दुमडतात आणि हेलियमच्या प्रवाहात, साधारण ९५० अंश सेल्सिअसच्या नळीत टाकतात. त्याच क्षणी ऑक्सिजनचा झोत येतो. कथिल स्वतः पेट घेतं आणि कुपीपाशी तापमान १७०० अंशांच्या वर जातं. म्हणूनच चिवट रबरही काजळी न धरता जळतं. पुढे ६५० अंशांवरचं तांबं उरलेला ऑक्सिजन शोषतं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा नायट्रोजन करतं. मग स्तंभात (वायू एकामागोमाग बाहेर सोडणाऱ्या भरीव नळीत) नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ वेगळे होतात, आणि उष्णतावाहकतेवरून प्रत्येकाचं प्रमाण कळतं.

तांबं लाल असतं, ते वापरात काळं पडत जातं. सगळंच काळं झालं की ऑक्सिजन निसटून नायट्रोजनच्या शिखरात (आलेखावरच्या त्याच्या उंचवट्यात) मिसळतो आणि आकडा फुगतो.

पण खरी खोडी कुपीच्या घडीत असते. ३३ टक्के ॲक्रिलोनायट्राइलच्या दोन मिलिग्रॅम रबरात सुमारे १७४ मायक्रोग्रॅम नायट्रोजन असतो. घडीत फक्त १० मायक्रोलिटर हवा अडकली तरी तिच्यातून ९ मायक्रोग्रॅमची भर पडते आणि ३३ चे ३४.७ होतात. यंत्र तपासायला प्रमाण पदार्थ म्हणून वापरतात ते ॲसिटॅनिलाइड भुकटीच्या रूपात असतं. कुपी दाबली की त्यातली हवा निघून जाते आणि १०.३६ टक्के नायट्रोजन बरोबर दिसतो. रबराचा तुकडा दाब सोडताच उसळून घडी उघडतो. त्यामुळे प्रमाण पदार्थ उत्तीर्ण, नमुना चुकीचा, आणि दोष रबराच्या बॅचवर जातो. रबर बारीक कातरून घ्यावं, कुपी चपटी करून पुन्हा दुमडावी, आणि तीन कुप्यांचे आकडे जुळेपर्यंत निकाल लिहू नये.