गेट परीक्षा: पेपर, फॉर्म आणि दाखल्याची भानगड

सांगलीचं वालचंद असो की कराडचं शासकीय अभियांत्रिकी, तिसऱ्या वर्षात गेलात की गेटचा, म्हणजे एम.टेक.सारख्या पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेचा, फॉर्म भरता येतो. डिग्री झालेल्यांनाही चालतं. वयाची अट नाही, कितीही वेळा द्या. स्कोअर तीन वर्षं ग्राह्य धरतात.

पेपर संगणकावर असतो: तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण जनरल ॲप्टिट्यूडचे, सगळ्या शाखांना. हा भाग मुलं ‘शेवटच्या आठवड्यात बघू’ म्हणून टाकून देतात, आणि इकडे थर्मोडायनॅमिक्सच्या एका गुणासाठी रात्र जागतात. बहुतेक अभियांत्रिकी पेपरांत गणिताचेही साधारण १३ गुण असतात.

खरी मेख प्रश्नांच्या प्रकारात आहे. चारपैकी एक पर्याय बरोबर असलेला प्रश्न चुकला, तर एका गुणाला एक तृतीयांश आणि दोन गुणांना दोन तृतीयांश गुण कापतात. हिशेब मांडून बघा: डोळे मिटून तुक्के मारले तर सरासरी शून्यच पदरात पडतं, पण एक पर्याय नक्की चुकीचा म्हणून खोडता आला की तुक्का फायद्याचा ठरतो. एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात अशा प्रश्नांना, तसंच आकडा टाइप करायच्या प्रश्नांना निगेटिव्ह नाही. हे कोरे सोडण्यात काहीच अर्थ नाही. फक्त एकाहून जास्त पर्यायांच्या प्रकारात सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण. अर्धवट उत्तराला काही मिळत नाही. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, स्क्रीनवरचाच वापरायचा. माउसने एकेक बटण दाबायची सवय घरीच करा.

फॉर्म ऑनलाइन. फोटो, सही आणि ओळखपत्र लागतं. तेच मूळ ओळखपत्र परीक्षेला न्यायचं. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, हे आपल्याकडे नेहमीचंच. फॉर्मवरचं नाव ओळखपत्राशी जुळवा. मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांना फी कमी आहे. केंद्रांच्या यादीत सांगली, सातारा, कोल्हापूर याआधी आलेली आहेत, पण यादी बदलते. फॉर्म भरताना बघून घ्या.

प्रवर्ग मात्र जपून भरा. इथे राज्याची नाही, केंद्राची यादी चालते. आटपाडी-माणकडचा धनगर मुलगा राज्यात एनटी-सी (भटक्या जमाती-क) असला, तरी केंद्रात ओबीसी. एसईबीसी (राज्याचा सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) हा प्रवर्ग केंद्रात नाहीच. राज्याचं नॉन-क्रिमीलेअर असलं तरी एनआयटी-आयआयटीच्या प्रवेशाला केंद्राच्या नमुन्यातलं, चालू आर्थिक वर्षातलं प्रमाणपत्र मागतात. परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये, म्हणजे प्रवेश नव्या आर्थिक वर्षात. म्हणून जुनं असलं तरी १ एप्रिलनंतर नव्यासाठी अर्ज टाकायचा, आणि ‘केंद्राच्या नमुन्यात’ हे सेतूत दोनदा सांगायचं.