वाय-फाय, वायमॅक्स की एलटीई? गावाकडच्या छोट्या इंटरनेटवाल्यापुढच्या निवडीची पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावी इंटरनेटचा धंदा करणाऱ्याच्या टॉवरकडे पाहिलं तर आज बहुधा ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ दिसतात आणि वाडीवरच्या ग्राहकाच्या छपरावर त्याच जातीची छोटी डिश. फायबर जिथवर पोचली तिथवर फायबर, पुढे वायरलेस. ग्रामीण ब्रॉडबँडचं उत्तर म्हणून गाजलेली मानकं, म्हणजे लांबच्या वायरलेस जोडण्यांसाठीचं वायमॅक्स आणि ४जी मोबाइलमागचं एलटीई, मात्र या टॉवरवर नाहीत. ती का नाहीत, हे तंत्रापेक्षा परवान्यांच्या इतिहासातून जास्त उलगडतं.

भारतात याची सुरुवात वाय-फायने झाली नाही. आयआयटी मद्रासमधल्या अशोक झुनझुनवाला यांच्या टेनेट गटाने नव्वदच्या दशकात कॉरडेक्ट ही यंत्रणा तयार केली. घरगुती कॉर्डलेस फोनसाठी युरोपात ठरलेलं डेक्ट हे मानक त्यांनी दहा किलोमीटरपर्यंत नेलं, मध्ये रिले बसवून पंचवीसपर्यंत. फोन आणि ३५ किंवा ७० केबीपीएस इंटरनेट एकाच जोडणीवर. त्यावर एन-लॉग कंपनीने स्थानिक भागीदार नेमून गावोगावी किऑस्क उघडले. आजच्या छोट्या सेवादात्याचा पूर्वज म्हणायचा तर हा भागीदारच. पण वेब जड होत गेलं आणि ७० केबीपीएसला कोणी विचारेना.

दरम्यान १९९९ मध्ये ८०२.११बी हे वाय-फायचं मानक आलं. लॅपटॉपमुळे त्याच्या चिप प्रचंड संख्येने बनू लागल्या आणि स्वस्त झाल्या. ही चिप घराबाहेर काढून, डिशला जोडून किती लांब नेता येते, हे पाहण्याचा मोह जगभर अनेकांना झाला. आयआयटी कानपूरमध्ये भास्करन रामन आणि सहकाऱ्यांनी 'डिजिटल गँजेटिक प्लेन्स' प्रकल्पात गंगेच्या मैदानात अशा लांब लिंक उभ्या केल्या. दिल्लीच्या पंचतारांकित सभागृहांत ग्रामीण ब्रॉडबँडवर जेवढं बोललं गेलं, त्याहून जास्त या मैदानातून शिकायला मिळालं.

पहिली अडचण वेळेची. वाय-फाय माहितीच्या प्रत्येक तुकड्यामागे, म्हणजे पॅकेटमागे, पोच मागतं. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणजे २० किलोमीटरच्या लिंकवर जाऊन-येऊन १३० मायक्रोसेकंदांहून अधिक लागतात. इमारतीपुरत्या अंतरासाठी आखलेलं वाय-फाय तोवर पॅकेट हरवलं असं धरून तेच पुन्हा पाठवतं. दुसरी अडचण 'आधी ऐक, मग बोल' या नियमाची. टॉवरकडे तोंड करून बसलेल्या दोन गावांच्या डिशना एकमेकींचं ऐकू येत नाही. दोघी एकदम बोलतात आणि टॉवरवर सगळा गोंधळ. रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये यावर तोडगा मांडला: ऐकण्याचा नियमच काढून टाकायचा आणि रेडिओंना बोलण्याच्या पाळ्या लावून द्यायच्या. त्यांचा आणखी एक निष्कर्ष मला तितकाच मोलाचा वाटतो. खर्चाचा मोठा वाटा रेडिओचा नव्हता, टॉवरचा होता. सपाट मुलखात उंची विकत घ्यावी लागते. सह्याद्रीत किंवा धर्मशाळेच्या डोंगरांत, जिथे एअरजलदी या सेवादात्याचं वायरलेस जाळं उभं राहिलं, ती बरीचशी फुकट मिळते. अर्थात मधला डोंगरही फुकटच मिळतो.

हे सगळं कायद्यात बसायला जानेवारी २००५ उजाडावं लागलं. तेव्हा वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झ बँड घराबाहेरही परवानामुक्त झाला. २००७ मध्ये ५८२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हा तुकडा मिळाला. एकूण ५० मेगाहर्ट्झ, म्हणजे २० मेगाहर्ट्झचे जेमतेम दोन चॅनेल. तेही संरक्षणाविना: शेजारच्याचा त्रास झाला तर तक्रारीची सोय नाही.

वायमॅक्स आलं ते याच दुखण्यांवर औषध म्हणून. ८०२.१६ हे मूळ मानक २००१ चं, स्थिर जोडण्यांसाठीचं रूप २००४ चं, फिरत्या ग्राहकांसाठीचं २००५ चं. पाळ्या टॉवर ठरवणार, लांबचा ग्राहक गृहीत धरलेला, आणि पाठीशी इंटेल. '५० किलोमीटर' आणि '७० एमबीपीएस' हे दोन आकडे जाहिरातीत शेजारी-शेजारी यायचे. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, हे विक्रेत्यालाही ठाऊक असायचं. तरी आराखडा म्हणून वायमॅक्स चांगलंच होतं. अडलं ते स्पेक्ट्रमपाशी, म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा वापरण्याच्या हक्कापाशी. २०१० मध्ये २.३ गिगाहर्ट्झचा लिलाव सर्कलनिहाय, म्हणजे साधारण राज्याएवढ्या दूरसंचार विभागांनुसार झाला. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हे एक सर्कल, आणि त्यातल्या २० मेगाहर्ट्झची किंमत ९०० कोटींच्या वर गेली. ज्याला वाईजवळची चार गावं जोडायची होती, त्याच्यासाठी त्या दिवशी प्रश्न मिटला. देशभराचा स्पेक्ट्रम इन्फोटेलने १२,८४८ कोटींना घेतला आणि लगोलग ती कंपनी रिलायन्सच्या ताब्यात गेली. त्या बँडवर पुढे वायमॅक्स नव्हे, एलटीई आलं; एअरटेलने एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात सुरुवात केली. वायमॅक्स हरलं, पण छोट्यांच्या हातून ते आधीच निसटलं होतं.

अमेरिकेत हीच निवड खरीखुरी होती. तिथल्या नियामकाने २००५ मध्ये ३६५० ते ३७०० मेगाहर्ट्झ हा पट्टा लिलावाविना, नोंदणीवर द्यायचं ठरवलं. ग्रामीण सेवादात्यांनी तिथे वायमॅक्स लावलं आणि नंतर एलटीईकडे वळले. २०२० मध्ये त्या भोवतालच्या बँडचा लिलाव झाला तोही काउंटीगणिक (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा), आणि काही भाग सर्वांसाठी खुला ठेवून. आपल्याकडे जिल्ह्यापुरता इंटरनेटचा परवाना मिळतो, स्पेक्ट्रम मात्र सर्कलचा. ही विसंगती तशीच राहिली.

मग इथल्या टॉवरवर उरलं काय? वाय-फायची स्वस्त चिप आणि तिच्यावर कंपनीने स्वतः बसवलेल्या पाळ्या. युबिक्विटीचं एअरमॅक्स, लाटवियाच्या मायक्रोटिकचं एनव्ही२, मोटोरोलाच्या कॅनोपीतून पुढे आलेल्या केंब्रियमचे रेडिओ, सगळ्यांची कल्पना साधारण एकच. कानपूरच्या दोन्ही अडचणी त्यांनी सोडवल्या, पण मानक सोडून. टॉवरवरचा रेडिओ एका कंपनीचा असेल तर प्रत्येक ग्राहकाची डिशही तिचीच लागते. कंपनी बदलायची म्हणजे छप्पर-छप्पर फिरायचं.

झाडी हा वेगळा प्रश्न. पावसाळ्यात पालवलेल्या, ओल्या झाडांपुढे ५ गिगाहर्ट्झ हात टेकतं. आयआयटी मुंबईत अभय करंदीकर यांच्या गटाने पालघरच्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रयोग केले. कमी फ्रिक्वेन्सी झाडीतून बरी निघते. प्रयोग पटण्यासारखा होता, पण तो पट्टा छोट्यांच्या हाती आला नाही. ५जीच्या आखणीतही भारताने टॉवरांमधलं अंतर ६ किलोमीटर धरणारी ग्रामीण कसोटी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडून मंजूर करून घेतली. तिचा लाभ पुन्हा परवानाधारी मोठ्या कंपन्यांनाच.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला, आणि वरच्या सगळ्या चर्चेपेक्षा छोट्यांना उपयोग झाला तो याचा. सप्टेंबर २०२३ मध्ये जिओ एअरफायबर ही घरोघरची वायरलेस इंटरनेट सेवा आली. जिओकडे ५जीचा स्पेक्ट्रम असूनही आज तिच्या अनेक जोडण्या याच परवानामुक्त बँडवर चालतात. म्हणजे गर्दी वाढली आणि संरक्षण पूर्वीइतकंच, शून्य. ६ गिगाहर्ट्झचा खालचा भाग मोकळा करण्याचा मसुदा २०२५ मध्ये आला, पण त्यात परवानगी आहे ती घरातल्या कमी शक्तीच्या आणि बाहेरच्या अतिकमी शक्तीच्या उपकरणांना. टॉवरपासून वाडीपर्यंतच्या लिंकला त्याचा उपयोग नाही.