सूचना आणि रीइन्फोर्समेंट शेड्यूल
कुठल्या वागण्याला फळ (म्हणजे बक्षीस) कधी मिळणार हे ठरवणारा नियम म्हणजे रीइन्फोर्समेंट शेड्यूल. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांचं यावरचं जाडजूड पुस्तक 1957 चं, त्यातले प्रयोग मुख्यतः कबुतरांवरचे. फळ ठरलेल्या संख्येनंतर मिळतं (धारावीत पीस रेटवर शिलाई), बेभरवशाच्या संख्येनंतर (लॉटरी), नाहीतर ठराविक किंवा अनिश्चित वेळ गेल्यावर. ठराविक वेळेचं उदाहरण म्हणून सगळीकडे महिन्याचा पगार देतात, ते चूक वाटतं, कारण प्रयोगातल्या शेड्यूलमध्ये वेळ संपल्यावर एकदा बटण दाबलं की फळ मिळायला पुरतं आणि पगारासाठी मात्र महिनाभर राबावं लागतं.

ठराविक वेळेच्या शेड्यूलवर प्राणी फळ मिळाल्यावर थांबतात आणि वेळ जवळ आली की वेग वाढवतात. मोठी माणसं बऱ्याचदा तसं करत नाहीत, एकतर सारखी बटण दाबत बसतात नाहीतर अगदी मोजून दाबतात. 1983 मध्ये लोव, बीस्टी आणि बेंटॉल यांनी वर्षाच्या आतली बाळं घेतली तर ती प्राण्यांसारखीच वागली, म्हणजे फरक भाषेने पडतो असा त्यांचा अंदाज. खरी गंमत 1966 च्या कॉफमन, बॅरन आणि कॉप यांच्या प्रयोगात आहे: शेड्यूल सगळ्यांना एकच, अनिश्चित वेळेचं, पण प्रत्येक गटाला सांगितलं वेगवेगळं आणि लोक सांगितल्याप्रमाणेच वागले!

त्याच वर्षी स्किनरने नियमाने (म्हणजे दिलेल्या सूचनेने) चालणारं वागणं आणि अनुभवाने घडलेलं वागणं असे दोन प्रकार मांडले. मुंबईत हे बघायचं तर दादर. डिसेंबर 2023 मध्ये तिथले प्लॅटफॉर्म नंबर सलग केले, मध्य रेल्वेचे आता 8 पासून सुरू होतात. रोजच्या माणसाचे पाय नंबर न बघता बरोबर जिन्याने उतरतात, पण "सेंट्रलच्या एक नंबरवर ये" ही जुनी सूचना घेऊन आलेला पाहुणा वेस्टर्नच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

मग चुकीची सूचना सुटते कधी? गॅलिझिओ यांच्या 1979 च्या प्रयोगांत, ती पाळल्यामुळे प्रत्यक्ष नुकसान झालं तेव्हा लोकांनी सोडली, आणि नुकसानाशी गाठच पडली नाही तिथे चुकीची असूनही पाळत राहिले.