वक्री ग्रह

ताऱ्यांच्या तुलनेत काही आठवडे किंवा महिने उलट्या दिशेने सरकताना दिसणाऱ्या ग्रहाला वक्री ग्रह म्हणतात. एरवी ग्रह ताऱ्यांमधून पश्चिमेकडून पूर्वेकडे हळूहळू पुढे जात असतात, मग कधीतरी त्यांची चाल मंदावते, ग्रह स्तंभी होतो म्हणजे जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो, मग मागे सरकायला लागतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत थांबून मार्गी होतो म्हणजे पुन्हा सरळ चालायला लागतो. ग्रह स्वतः सूर्याभोवतीच्या कक्षेत कधीच मागे फिरत नाही, आपण ज्या पृथ्वीवरून बघतो ती पण पळतेय त्याचा हा परिणाम.

बऱ्याच जणांना वाटतं की वक्री झालेला ग्रह पश्चिमेला उगवत असेल, तसं काही नसतं. रोजचा उदय-अस्त पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याने होतो आणि तो वक्री ग्रहाचाही पूर्वेलाच उदय, पश्चिमेला अस्त. उलटी चाल एका रात्रीत नुसत्या डोळ्यांनी कळतच नाही, त्यासाठी दर चार-पाच दिवसांनी ग्रह कुठल्या ताऱ्याच्या किती जवळ आहे ते कागदावर मांडत जावं लागतं.

मंगळाचं उदाहरण घेऊ, कारण त्याच्यात हे सगळ्यात ठळक दिसतं. पृथ्वी सेकंदाला साधारण ३० किमी वेगाने पळते आणि मंगळ २४ किमी वेगाने, शिवाय त्याची कक्षा मोठी, त्यामुळे त्याला एक फेरी मारायला ६८७ दिवस लागतात. म्हणून दर ७८० दिवसांनी पृथ्वी आतल्या बाजूने मंगळाला गाठते आणि पुढे निघून जाते. फास्ट लोकलमधून शेजारची स्लो लोकल लांबच्या बिल्डिंगांसमोर मागे सरकल्यासारखी वाटते ना, तसंच. फक्त गाड्या सरळ रुळावर असतात आणि इथे कक्षा गोल आहेत, म्हणून ओव्हरटेकच्या आधी आणि नंतर चित्र बदलतं: तेव्हा पृथ्वीचा बराचसा वेग मंगळाच्या दिशेने किंवा त्याच्यापासून लांब असा असतो, आडवा कमी उरतो, आणि मग मंगळाची स्वतःची पुढची चाल वरचढ ठरते. जिथे दोन्हींचा हिशोब बरोबरीत सुटतो तिथे तो स्तंभी दिसतो. शिवाय दोन्ही कक्षांची पातळी एकच नाही, सुमारे १.८५ अंशांचा फरक आहे, त्यामुळे मंगळ आला त्याच रेषेवरून परत न जाता आकाशात फास किंवा झेड आकार काढतो.

पृथ्वीच्या कक्षेबाहेरचे ग्रह वक्री असतात तेव्हाच ते पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आणि सूर्याच्या बरोबर समोर म्हणजे प्रतियुतीत येतात, म्हणजे लोक ज्या काळाला घाबरतात तोच ग्रह बघायचा बेस्ट काळ! फलज्योतिषातही वक्री ग्रहाला चेष्टाबली म्हणजे बलवान मानतात, त्यामुळे सरसकट घाबरण्याला तिथेही फारसा आधार नाही. मंगळ ७ डिसेंबर २०२४ च्या सुमारास कर्केत वक्री झाला, १६ जानेवारी २०२५ ला प्रतियुती झाली आणि २४ फेब्रुवारीला मिथुनेत पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ मार्गी झाला. पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ ला, मघा ताऱ्याच्या जवळ, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसायला हरकत नाही.

गुरू दर १३ महिन्यांनी सुमारे चार महिने वक्री असतो, शनी दरवर्षी साडेचार महिने. बुध वर्षातून तीनेक वेळा, दर वेळी तीन आठवडे, म्हणजे सोशल मीडियावर बुध वक्री म्हणून जो गजर होतो तो तसा नेहमीचाच प्रकार आहे. बुध आणि शुक्र आतले ग्रह, ते आपल्याला ओव्हरटेक करतात आणि नेमके तेव्हा सूर्याच्या झगमगाटात असल्यामुळे त्यांची उलटी चाल नीट बघायलाच मिळत नाही.

पृथ्वी मध्यभागी धरली की हे समजावणं अवघड होतं. ग्रीक खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात मोठ्या वर्तुळावर फिरणारं छोटं वर्तुळ आणि त्यावर ग्रह अशी रचना वापरली, आपल्याकडे आर्यभटाने ४९९ मध्ये आणि नंतरच्यांनी मंद आणि शीघ्र अशा दोन परिधी म्हणजे तशीच छोटी वर्तुळं घेतली. सूर्यसिद्धांत या जुन्या ग्रंथात शीघ्रकेंद्र (बाहेरच्या ग्रहांसाठी सूर्य आणि ग्रह यांच्या सरासरी जागांमधला कोन) किती अंश झालं की ग्रह वक्री होतो ते आकडेच दिलेत: मंगळ १६४, गुरू १३०, शनी ११५. आज सूर्य मध्ये ठेवून, कक्षा साध्या गोल धरून गणित केलं तर मंगळाला सुमारे १६३ आणि शनीला ११४-११५ येतात, गुरूचा आकडा मात्र चारेक अंशांनी चुकतो. मॉडेल वेगळं होतं पण हिशोब पक्का होता. कोपर्निकसने १५४३ मध्ये सूर्य मध्ये आणला आणि वक्री होण्याचं कारण आपोआप सुटलं, पण ग्रह नेमका कुठे दिसेल हे अचूक यायला केप्लरची १६०९ ची लंबवर्तुळं लागली.

पंचांगात याचा रोजचा परिणाम म्हणजे राशीबदल मागे-पुढे होणं. शनी एप्रिल २०२२ मध्ये कुंभेत गेला, वक्री होऊन जुलैत परत मकरेत आला आणि जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा कुंभेत, त्यामुळे धनु राशीची साडेसाती संपली म्हणता म्हणता परत लागली. सूर्य आणि चंद्र कधीच वक्री होत नाहीत. राहू-केतू कायम वक्री असतात, पण ते ग्रह नव्हेत, चंद्राची कक्षा आणि क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याचा आकाशातला वर्षभराचा मार्ग जिथे छेदतात ते बिंदू, आणि ते खरोखरच उलटे सरकतात, एका फेरीला १८.६ वर्षं.